पान्यावरचा पाईप

आमच्या दुकानात दाराच्या मागे एक लोखंडी पाईप उभा असतो. मीटरभर लांब, एका टोकाला चेपलेला, धरायच्या जागी हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला. मी शाळेत जात होतो तेव्हापासून तो तिथेच आहे. चाकाचा नट नुसत्या पान्याने हलला नाही की अब्बा पान्याच्या दांड्यावर तो पाईप चढवायचे, टोकाला दोन्ही हात टाकायचे आणि 'बिस्मिल्लाह' म्हणून अंगाचा सगळा भार द्यायचे. कट्ट असा आवाज आला की नट सुटला. नाही आला तर पाईपवर एक पाय ठेवून उभे राहायचे आणि दोनदा खाली दाबायचे.

कुरुंद्यात टायरचे काम करणाऱ्याला या पाईपाशिवाय चालत नाही. आमचा भाग उसाचा, हळदीचा, केळीचा. कुरुंद्याला टोकाई कारखाना, तिकडे वसमतला पूर्णा कारखाना. हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो, आणि ट्रॉलीचे चाक वर्षभर पावसात, शेणात, चिखलात उभे असते. तिचे नट गंजून एकजीव झालेले असतात. ते सोडायला माणूस लागतो तसा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, अशाच एका भरलेल्या ट्रॉलीचा टायर बसला. ड्रायव्हर घाईत होता, मागे दुसरा ट्रॅक्टर उभा. अब्बांनी पाच नट काढले. सहाव्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. पाईपवर भार दिला आणि गोटी नटावरून सटकली. अब्बा उजव्या खांद्यावर पडले. उठून उरलेले नट त्यांनी डाव्या हाताने काढले, टायर बदलून दिला, पैसे घेतले, घरी आले आणि अम्मीला म्हणाले, जरा तेल गरम कर. तिसऱ्या दिवशी हात वर जाईना, तेव्हा नांदेडला माझ्याकडे आणले. डॉक्टरांनी खांद्यातली शीर अर्धवट फाटली म्हणून सांगितले. सहा आठवडे हात गळ्यात. आणि पुढे जड ओढायचे नाही.

"पुढे म्हणजे किती दिवस?" अब्बांनी विचारले.

"चाचा, आता वय एकसष्ट आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. उत्तर तेवढेच.

दुकान धाकट्या भावाच्या हाती आले. तो बावीस वर्षांचा, हाडाने बारीक. पाईपवर उभा राहिला तरी नट हलायचा नाही. त्याने आठवड्यात ठरवले की मशीन घ्यायची. इम्पॅक्ट रेंच हे तिचे पुस्तकी नाव. आमच्याकडे सगळे 'गन' म्हणतात. मोठ्या टायरवाल्यांकडे हवेवर चालणारी गन असते, टर्र-टर्र करत नट काढते, ती तुम्ही पाहिली असेल.

हवेची गन आम्हाला परवडणारी नव्हती, आणि कारण गनच्या किमतीचे नव्हते. आमचा कॉम्प्रेसर लहान, टायरमध्ये हवा भरण्यापुरता. हवेच्या गनला एकसारखी भरपूर हवा लागते. दोन नट सोडले की टाकी रिकामी, मग पाच मिनिटे थांबा. त्यात २०२२ च्या जुलैत गावात पुराचे पाणी शिरले तेव्हा कॉम्प्रेसरची मोटर बुडाली होती. तिचे रिवाइंडिंग करून घेतले, पण तेव्हापासून ती दमेकऱ्यासारखी चालते. शिवाय लाईट. शिवाय शेतात जाऊन टायर काढायचा असेल तर हवेची नळी तिथवर कोण नेणार? म्हणून बॅटरीची गन.

भावाने मला न विचारता मोबाईलवरून मागवली. तीन हजार आठशे रुपये. डब्यावर 'शक्तिशाली', '१२८ व्हीएफ', 'ब्रशलेस' वगैरे छापलेले, सोबत दोन बॅटऱ्या आणि गोट्यांचा संच. अब्बांनी गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेतच ती पाहिली आणि म्हणाले, "खिलौना है क्या ये?"

पहिल्या दिवशी एका मारुतीचे चार नट तिने झटक्यात काढले. भावाने मला व्हिडिओ पाठवला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लावली तेव्हा नुसती ओरडत राहिली, नट जागचा हलला नाही. तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला आणि एक बॅटरी कायमची बसली. त्याच संचातली चकचकीत गोटी एका दुपारी उभी चिरली आणि तिचा तुकडा भावाच्या भुवईच्या वर लागला. अर्ध्या इंचाने डोळा वाचला. अम्मीने मला फोन केला, "तू इतना पढ्या, उसको एक मशीन देख के नै दे सकता?"

मग मी पाहायला बसलो. मी नांदेडला शाळेत शिकवतो. यंत्राशी माझा संबंध पंखा चालू करण्यापुरता. खरे सांगायचे तर पानापाईपाच्या वासापासून लांब जाण्यासाठीच मी शिकलो. पण महिनाभर वाचले, दुकाने फिरलो, दोन गॅरेजवाल्यांशी बोललो, आणि जे कळले ते इथे लिहितो. आपल्या वाचकांत टायरवाले, गॅरेजवाले, शेतकरी आहेत हे मला माहीत आहे. कुणाचे चार हजार वाचले तरी पुरे.

पहिली गोष्ट, ही गन नट पिळत नाही, ठोकते. आत मोटर एक जड लोखंडी हातोडा फिरवते. नट सहज फिरतो तोवर सगळे एकत्र फिरतात. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, निसटतो आणि पुढच्या ऐरणीवर आडवा घाव घालतो. मिनिटाला दोन-अडीच हजार घाव. म्हणून धरणाऱ्याच्या मनगटाला हिसका बसत नाही, सगळा मार नटावर जातो. हे मी अब्बांना समजावून सांगितले तर ते हसले. गंजलेला नट सोडण्याआधी ते पान्याच्या दांड्यावर घणाचे दोन ठोके मारायचे, मग पाईप लावायचे. "जोर से नै निकलता, मार से निकलता," हे ते मला लहानपणी सांगायचे. म्हणजे तत्त्व त्यांना ठाऊकच होते, फक्त मिनिटाला अडीच हजार ठोके मारता येत नव्हते.

दुसरी गोष्ट ताकदीची. ताकद न्यूटन मीटरमध्ये मोजतात, टॉर्क म्हणतात. मला हा आकडा डोळ्यांसमोर येईना, तेव्हा मी अब्बांनाच मोजले. वजन साठ-बासष्ट किलो, पाईप एक मीटर. पाईपच्या टोकाला अब्बा पूर्ण भाराने उभे राहिले की नटावर साधारण ६०० न्यूटन मीटर टॉर्क येतो. म्हणजे चाळीस वर्षे आमच्या दुकानात ६०० न्यूटन मीटरची मशीन होती, तिला दोन वेळा भाकरी लागायची, बस्स. याच्याशी आता बाकीचे ताडून पाहा. लहान कारच्या चाकाचा नट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो. जड ट्रकचा पाचशे-सहाशे. ट्रॅक्टरचा मागचा नट या दोहोंच्या मध्ये, मॉडेलप्रमाणे. पण हे आवळण्याचे आकडे झाले. गंजलेला नट सोडायला आवळण्याच्या दुपटीने जोर लागू शकतो.

इथेच डब्यावरची फसवाफसवी सुरू होते. चांगल्या कंपन्या दोन आकडे देतात, एक आवळण्याचा आणि एक सोडण्याचा. सोडण्याचा नेहमी मोठा. उदाहरणार्थ मकिताच्या डीटीडब्ल्यू १००२ या गनचा आवळण्याचा आकडा १००० आणि सोडण्याचा १६००. बॉशची जीडीएस १८व्ही-४०० ही नावाप्रमाणे ४०० न्यूटन मीटरची. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा आवळण्याचा आणि दुसरीचा सोडण्याचा आकडा शेजारी ठेवून दुकानदार बोलतो, तेव्हा त्याला थांबवायचे. शिवाय हे आकडे भरलेली बॅटरी लावून, काही सेकंद सलग ठोकून मिळालेले असतात. आपल्याकडे बॅटरी अर्धी असते आणि नटाला शेण लागलेले असते.

आणि व्होल्ट! भावाच्या डब्यावरचे ते '१२८ व्हीएफ' म्हणजे काहीच नव्हते. विजेच्या कोणत्याही पुस्तकात असे माप नाही. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ चा. पाच सेल ओळीने जोडले की ३.६ च्या हिशेबाने १८ व्होल्ट, आणि ४.२ च्या हिशेबाने २१. कुणी १८ लिहितो, कुणी '२० मॅक्स', कुणी २१. आत तेच पाच सेल. मी बंद पडलेली बॅटरी गावातल्या मोबाईलवाल्याकडून उघडून घेतली. पाचच निघाले. भाऊ बराच वेळ ते पाच सेल टेबलावर फिरवत बसला होता.

व्होल्टपेक्षा अँपिअर-अवर पाहावे. २ एएचची बॅटरी मोठ्या गनला लावणे म्हणजे ट्रॅक्टरला मोटारसायकलची टाकी लावण्यासारखे आहे. लवकर संपते, आणि मोठ्या झटक्याला लागणारा करंट तिला देता येत नाही, म्हणून गनचा जोरही कमी पडतो. दुकानाच्या कामाला ५ एएचच्या दोन, म्हणजे एक गनमध्ये आणि एक चार्जरवर. आणि मोटर ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेली घ्यावी. कार्बन झिजत नाहीत, ठिणगी नाही, त्याच बॅटरीवर काम जास्त होते. फक्त ब्रशलेस लिहिले म्हणजे ब्रशलेस असते असे नाही, हेही आम्ही टेबलावर उघडून पाहिले.

आमच्याकडचा उन्हाळा या बॅटऱ्यांचा दुश्मन आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बॅटरी एवढी तापते की हात लावता येत नाही. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली की तिचे आयुष्य कमी होते. अम्मीने यावर उपाय काढला. दुकानातल्या रांजणाशेजारी, सावलीत, एक रिकामा डबा. गार झाल्याशिवाय चार्जिंग नाही.

गनच्या तोंडाला चौकोन असतो, ज्यावर गोटी बसते. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. कार, जीप, पिकअप, लहान ट्रॅक्टर यांना अर्धा इंची पुरतो. रोज ट्रकच करायचे असतील तर पाऊण इंची, आणि मोठ्या हायवा वगैरेंना एक इंची, पण ती उचलायलाच पहिलवान हवा. अर्धा इंची मोठी गनसुद्धा बॅटरीसकट साडेतीन किलोच्या आसपास भरते. दुकानात उचलून दाखवतात तेव्हा हलकी वाटते. संध्याकाळच्या सहाव्या टायरला उचलून पाहा.

गोट्यांबद्दल मी जरा रागाने लिहितो, कारण भावाच्या भुवईवर अजून खूण आहे. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्यासाठी असतात. त्यांचे पोलाद कडक, पण ठिसूळ. ठोक्याने चिरतात. गनला काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच लावाव्यात. त्यांचे पोलाद मार सोसणारे असते. आणि सहा कोनांच्या घ्याव्यात, बारा कोनांच्या नकोत, त्या झिजलेल्या नटावर घसरतात. अब्बांचा खांदा अशाच घसरण्यात गेला. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे. लोखंडी शटरच्या आत ही गन चालली की कानठळ्या बसतात. हाताला बसणारी थरथरही वर्षानुवर्षे साचते, बोटे बधिर होतात. हे सगळे सांगितले की भाऊ 'हो भाईजान' म्हणतो आणि चष्मा डोक्यावर ठेवतो.

एवढे कळल्यावर प्रश्न पैशांचा राहिला. आम्हाला हवी तशी गन, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि गोट्या मिळून चाळीस हजारांच्या घरात जात होत्या. नांदेडच्या दुकानदाराने सरळ तोडगा दिला, "सर, नो कॉस्ट ईएमआय करा. सहा हप्ते. व्याज शून्य."

मी खूश होऊन घरी सांगितले. अब्बांनी एकच विचारले, "बँक फुकट में क्यूँ देगी?"

मला उत्तर देता आले नाही, म्हणून शोधले. बँक फुकट देत नसतेच. बहुतेक वेळा बँक व्याज लावते, आणि विकणारा तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. व्याजावरचा जीएसटी मात्र आपल्या खात्यातून जातो. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवले होते. आठवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापाला जे एका वाक्यात कळले ते मला एका संध्याकाळी कळले. अब्बांनी आयुष्यात व्याजाचा पैसा दुकानात आणला नाही. पुरानंतर कॉम्प्रेसर दुरुस्त करायलाही आणला नाही. यावर उलेमांत मतभेद आहेत, हप्त्याची विक्री जायज आहे असे म्हणणारेही आहेत, मी ते सगळे त्यांना सांगितले. "नक्को बोला तो नक्को." विषय संपला.

मी पगारातून देतो म्हणालो तर तेही नको. शेवटी गन आली ती भिशीतून. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांची भिशी आहे, बारा जणांची. चहावाला, खत-बियाणांचा दुकानदार, सलूनवाले काका, दोन किराणावाले, वेल्डिंगवाला, आम्ही. त्यात बोली नाही, तोटा नाही, दर महिन्याला चिठ्ठी. त्या महिन्याची चिठ्ठी सलूनवाल्या काकांची निघाली. त्यांच्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी होते. ते म्हणाले, मला आत्ता घाई नाही, मिस्तरीला द्या, माझं त्यांच्या नंबरावर बघू. अब्बांचा नंबर आला तेव्हा भाऊ पैसे घेऊन त्यांच्याकडे गेला, एवढीच त्याची लिखापढी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी गनबद्दल इतके का लिहितोय ते कळणार नाही. 'पंक्चरवाला' ही आता शिवी झाली आहे. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सहकाऱ्याने तसे एक चित्र टाकले होते. टोपी, दाढी, हातात ट्यूब, खाली काहीतरी लिहिलेले. त्याला माझे अब्बा काय करतात ते माहीत नव्हते. मी हसण्याची निशाणी टाकली नाही, पण काही लिहिलेही नाही. लहानपणी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'दुकान' एवढेच लिहायचो. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले आहे की मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यात जास्त आहेत, आणि त्या धंद्यांत गाड्यांची दुरुस्ती हा एक मोठा आहे. नोकरी नाही, जमीन नाही, भांडवल नाही, तेव्हा एक पाना, एक पाईप आणि पाण्याचे एक घमेले घेऊन माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो. अब्बा तसेच बसले होते. त्यांचे पहिले घमेले अजून घरी आहे, अम्मी त्यात ओली हळद धुते.

ते चित्र आले त्या रात्री मी त्या सहकाऱ्याला फोन करणार होतो. केला नाही. त्याऐवजी गोट्यांचे पोलाद कसले असते ते वाचत बसलो. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

नवी गन आली तेव्हा अब्बांचा हात गळ्यातून निघाला होता. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, जाहिरात नको. आकडा ७०० च्या वरचा. पहिलीच परीक्षा ट्रॉलीच्या नटाची. भावाने गोटी बसवली, घोडा दाबला. चार सेकंद टर्र, मग नट भिंगरीसारखा फिरत बाहेर. भाऊ ओरडला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मामू, आता तुमची सुट्टी." अब्बा काही बोलले नाहीत. आत जाऊन बसले.

दोन महिने ते आतच बसत. गल्ला, ठिगळे, हिशेब. मला वाटले होते खांद्याला आराम मिळाला म्हणून बरे वाटेल. अम्मी म्हणायची, जेवत नाहीत नीट.

त्या दोन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. एक जुना ट्रक आला, डाव्या बाजूचे मागचे चाक. भावाने गन सोडण्याच्या दिशेला लावली आणि ठोकत राहिला. नट सुटेना. त्याने बॅटरी बदलली, पुन्हा ठोकले. आतून अब्बांचा आवाज आला, "उलटे आटे हैं उसके." काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात, चालत्या चाकाने नट सैल होऊ नये म्हणून. स्टडच्या टोकावर बहुधा 'एल' असा ठसाही असतो, ग्रीसखाली झाकलेला. भाऊ इतका वेळ तो नट सातशेच्या जोराने आवळत होता. एक स्टड तुटला. त्याचे पैसे आम्ही भरले, आणि अब्बा अर्धा दिवस खुर्ची टाकून चाकाजवळ बसले.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. वसमतच्या एका गृहस्थांच्या कारचा टायर भावाने बदलला आणि गननेच नट आवळून दिले. जोरात, पूर्ण ठोके संपेपर्यंत. आठ दिवसांनी रात्री औंढ्याच्या रस्त्यावर त्यांचा तोच टायर बसला. सोबत बायको, दोन मुले, म्हातारी आई. गाडीतला छोटा पाना, एकही नट हलेना. त्यांनी पावतीवरचा नंबर लावला. फोन अब्बांनी उचलला. भाऊ लग्नाला गेला होता आणि गन त्याच्या सोबत पिकअपमध्ये. अब्बांनी दाराच्या मागून पाईप काढला, शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या पोराला मोटारसायकल काढायला लावली आणि रात्री अकरा वाजता गेले. नट त्या पोराने सोडले. अब्बा फक्त पाना धरून बसले, गोटी घसरू नये म्हणून. पैसे घेतले नाहीत. त्या माणसाने काही ऐकवले असेल तर ते आम्हाला अब्बांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा आतून उठून बाहेर बसायला आले. तेव्हापासून दुकानाचा नियम असा आहे की गन सोडायला. लावताना नट आधी हाताने बसवायचे, आटे नीट धरलेत का ते बोटांनी पाहायचे. मग गनच्या सर्वांत कमी गतीवर नुसते टेकवायचे, समोरासमोरच्या नटांवर आळीपाळीने. आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या आकड्यावर 'टक्' वाजणारा पाना. तो मी माझ्या पैशाने आणला, त्याला मात्र अब्बांनी नाही म्हटले नाही. कारचा शेवटचा नट ते स्वतः आवळतात. शंभर न्यूटन मीटरला त्यांचा खांदा दुखत नाही. गंमत म्हणजे ते आधी अंदाजाने ओढतात आणि मग आकडा पाहतात. बहुतेक वेळा पाच-दहाच्या आत असतात.

शेतकरी मला विचारतात, घरी घ्यावी का? तुमच्याकडे रोटाव्हेटर असेल तर विचार करायला हरकत नाही. पाच-सहा फुटी रोटाव्हेटरला छत्तीस-चाळीस पाती, प्रत्येक पात्याला दोन नट. हाताने अर्धा दिवस जातो, गनने तासाभरात होते. हळदीच्या पॉलिशच्या ड्रमचे, कुकरच्या चाकाचे, नांगराच्या फाळाचे बोल्टही आहेतच. त्यासाठी हजारची गन नको, तीनशे-चारशेची अर्धा इंची पुरे. घरात त्याच कंपनीचे ड्रिल किंवा कटर असेल तर नुसती गन घ्या, बॅटरी तीच चालते. निम्मे पैसे बॅटरीतच जातात. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट रेंच यांत गोंधळ करू नका. पहिल्याच्या तोंडाला स्क्रूचे बिट बसवायला षटकोनी भोक असते, तो सुतारकामाचा. चाकाला नाही. आणि तिघा-चौघा भावकीत मिळून एक घेतली तर उत्तम, वर्षातले दहा दिवस तर लागते. दुरुस्ती वसमत-नांदेडला होते का, हे आधी विचारा. ऑनलाईन स्वस्त मिळते ती बंद पडली की कुणाच्या दारात उभे राहणार?

भाऊ आता शनिवारी गन घेऊन शेतांवर जातो, रोटाव्हेटरची पाती बदलायला. दुकान त्या दिवशी अब्बा सांभाळतात, आणि त्यांनी स्वतः कधी ती गन हातात घेतली नाही असे मी समजत होतो. गेल्या रमजानमध्ये घरी गेलो होतो. इफ्तारला अर्धा तास होता. एक पिकअप दुकानासमोर थांबली, भाऊ मशिदीत खजूर-फळे पोचवायला गेला होता. अब्बांनी इकडे-तिकडे पाहिले, चष्मा घातला, कानांत कापूस घातला, गन डाव्या हातात धरली, उजव्या हाताने खालून आधार दिला, आणि पाचही नट काढले. मग मला म्हणाले, "मास्तर, बत्तीस नंबर की लंबी गोटी नै मिलती यहाँ. नांदेड से आते वक्त ले आना. काली वाली."